स्टीमर चालू असेपर्यंत

"केस धू, ते साधं कायतरी लाव आणि सोड मला," खुर्चीत बसता बसता सोनूबाई म्हणाली. "संध्याकाळी सुबोधची हळद हाय. नवऱ्याची आय पार्लरात जाऊन बसली म्हणून कोळीवाडा हसंल."

कल्पितानं तिचा अंबाडा सोडला. काळे-पांढरे केस कमरेपर्यंत आले, जड आणि मऊ. वर्सोव्याच्या मासळीबाजारात, खाऱ्या वाऱ्यात जन्म काढलेली बाई. केस काथ्यासारखे असतील, असं कल्पिताला वाटलं होतं. वाटलं कसलं, तिनं तशी आशा केली होती.

पार्लरच्या मालकीण विनिता मॅडमचा नियम साधा होता. खुर्चीत गिऱ्हाईक असताना पार्लरबाहेर जायचं नाही. फक्त कुणाच्या डोक्यावर स्टीमर चालू असला, तरच घरी जाऊन यायचं. घर दोन गल्ल्या पलीकडे, बोंबील वाळत घालतात त्या काठ्यांच्या मागं. पण सकाळपासून भुवया, भुवया, एक हेअरकट, पुन्हा भुवया. एकाही डोक्याला वाफ लागली नव्हती.

सोनूबाईचे केस धुऊन तिला आरशासमोर आणून बसवलं, तोच फोन वाजला. सासूबाईंचा.

"कल्पिता, बाटली धरतच नाही गं ही. जिभेनं ढकलून देते. चमच्यानं पाजायला गेले तर..." पुढचं ऐकूच आलं नाही. मागं तिची लेक जानकी रडत होती. पाच महिन्यांचा तो आवाज फोनमधून अख्ख्या पार्लरभर झाला.

"येते, आई. जरा वेळात."

तिनं फोन पालथा ठेवला. पण रडणं जिथं पोचायचं तिथं पोचलं होतं. राखाडी एप्रनवर दोन ओले गोल उमटले, वाढत गेले. तिनं टॉवेल छातीशी धरला.

"काय सांडलं?" आरशातून सोनूबाईनं विचारलं.

"केस धुताना पाणी उडालं, मावशी."

"हां."

सोनूबाईनं समोरच्या फळीकडे बोट केलं. "त्या बाटलीत आणि त्या बरणीत फरक काय गो?"

"बाटलीतलं साधं कंडिशनर. दोन मिनिटं ठेवायचं, धुवायचं. वरून चमकतं. बरणीतलं डीप."

"म्हंजे भारी?"

"भारी नाही, खोल. नुसतं बरणीवर लिहिलं म्हणून होत नाही पण." टॉवेल खाली न ठेवता ती सांगू लागली. "केसालाही खवले असतात, बारीक. आपल्याला दिसत नाहीत. वाफ दिली की ते जरा उघडतात, मग हे आत जातं. वरचं वर राहत नाही. पण त्याला ऊब लागते आणि वेळ लागतो. अर्धा तास. घाई केली तर डीप काय आणि साधं काय, सारखंच."

"खवले! म्हंजे म्हावऱ्यासारखं." सोनूबाई हसली. "हळद-मीठ लावून ठेवायचं, मुरलं तर मुरलं. नायतर नुसतं वरून पिवळं."

"अगदी तसंच."

"मग माझ्या केसाला कंचं?"

कल्पितानं एक ओली बट बोटांत धरून ताणली. केस ताणला गेला, सोडल्यावर परत जागेवर आला. तुटला नाही. 'कोरडे आहेत' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते जिभेवर आले. दोन गल्ल्यांपलीकडून रडू ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी तिला ते येत होतं.

"तुमचे चांगले आहेत, मावशी," ती म्हणाली. "साधंच पुरे. हे लावलं तर उलट बुळबुळीत होतील. अंबाडा सैल पडेल."

तिनं बाटलीकडे हात नेला.

सोनूबाई आरशात बघत होती. स्वतःकडे नाही.

"बरणीतलं लाव."

"अहो, पण अंबाडा..."

"दोन पिना जास्त खोच. लोक नवरा बघायला येनार हायत, माझा अंबाडा नाय."

काउंटरवरून विनिता मॅडमनी मान वर केली. "सोनूबाई, घाई होती ना तुम्हाला?"

"होती."

कल्पितानं केसांचे भाग पाडले. एकही भाग सोडला नाही. प्रत्येक बट मधून टोकापर्यंत चोळली, वर गुंडाळली, टोपी चढवली. स्टीमर पुढं ओढला. वाफ फुसफुसत बाहेर आली.

"तीस मिनिटं लावते."

"चाळीस लाव. मुरू दे नीट."

कल्पितानं काटा चाळीसवर नेला आणि चपला शोधायला वाकली.

"सुबोध चार म्हयन्यांचा होता तवा मी बाजारात बसायला लागली," वाफेतून आवाज आला, डोळे मिटलेले. "पदर भिजायचा. गिऱ्हाईक विचारायचं, काय झालं? मी सांगायची, बर्फाचं पानी हाय."

कल्पिता तशीच थांबली. एक चप्पल पायात, एक हातात.

"जा गो बाय. पोर किती वेळ रडंल?"

दार लोटून बाहेर पडताना तिला आरशात सोनूबाई दिसली. चेहरा वाफेत हरवला होता. मांडीवरचे दोन हात तेवढे दिसत होते. पदराचं कोरडं टोक ती हळूहळू पिळत होती.