आवाज मधोमध हवा

"छे! हा तुझा आवाजच नाही," असं म्हणून नवऱ्याने गाणं पुन्हा तोडलं. नेमकं अंतरा सुरू व्हायच्या आधी.

सकाळपासून हेच चाललं होतं. जुना ॲम्प्लिफायर जळाला म्हणून त्याने हा नवा स्टिरिओ रिसीव्हर आणला होता. स्वस्तातला. काळा डबा, पुढे भलंमोठं गोल बटण, आणि वजनाला इतका हलका की हातात घेतल्याबरोबर त्याने नाक मुरडलं होतं. दुकानदार उद्यापर्यंतच परत घेणार होता, त्यामुळे काय तो निकाल आज लागायला हवा. आणि निकाल लावायला गाणं कुठलं? तर बायकोचंच. लग्नाआधी कॉलेजच्या कार्यक्रमात गायलेलं. पेटीवाला ऐनवेळी आलाच नाही, म्हणून नुसत्या गळ्यावर निभावून नेलेलं. कॅसेटवरून ते त्याने जिवापाड जपून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. "मला तोंडपाठ असलेला आवाज जगात हा एकच," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

तोंडपाठ म्हणे! आणि त्या आवाजाची धनीण मघापासून दाराशी उभी राहून बोलू बघत होती, त्याचा पत्ताच नव्हता स्वारीला.

बोलायचं एवढंच होतं. शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला होता: मुलांना गाणं शिकवायला याल का? आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी विचारते. जावंसं तर फार वाटत होतं. पण संसाराच्या धबडग्यात गाणं कधी सुटलं, तिलाच आठवत नव्हतं. आवाज राहिलाय तरी का? मुलांसमोर उभं राहायचं आणि सूर फाटला तर?

हे खरं सांगेल असा माणूस घरातच होता. नातेवाईक त्याला चेष्टेने कानसेन म्हणायचे, पण कान खरेच तयार होते. शेजारच्यांचा पंखा भिंतीपलीकडून ऐकून त्याचं बेअरिंग गेल्याचं त्याने सांगितलं होतं. आणि भीडभाड नावाला नाही. मेव्हण्याच्या महागड्या स्पीकरना सगळ्यांदेखत पत्र्याचे डबे म्हणून मोकळा झाला होता. त्याने एकदा समोर बसावं, ऐकावं आणि होय की नाही ते सांगावं, बस्स.

"अहो, माझं जरा ऐकता का?"

"शू!" त्याने बोट वर केलं. "तुझा आवाजच ऐकतोय ना? मध्ये बोलू नकोस."

तिचं डोकं सणकलं. "मग आत्ता बोलतंय ते कोण?"

"अगं, ते नाही. हे ऐक." गाणं पुन्हा लागलं, पुन्हा तुटलं. "खालचे सूर पोकळ, वरचे किरटे. आणि आवाज नुसता इकडेतिकडे सांडतोय. आवाज कसा मधोमध हवा! दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये माणूस उभा राहून गातोय, असं वाटायला हवं. इथे माणूसच नाही."

"माणूस दाराशी ताटकळतोय," ती म्हणाली. तेही वाया गेलं.

"वायर उलटी लागलीय का बघतो," असं पुटपुटत त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि तो कपाटामागे शिरला. बाहेर उरले नुसते तळपाय. "मी सांगितलं की बटण दाब आणि गाणं लाव. पहिल्यापासून."

ती दोन स्पीकरच्या मध्ये येऊन उभी राहिली. खिडकीतली उन्हं उतरली होती. थोड्या वेळात मोठ्या बाई दुसऱ्या कुणाला तरी फोन लावतील. रडू येईल की काय, असं वाटण्याइतका संताप आला तिला.

"हं, लाव!"

तिचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत गेला. तिथून मागे आला.

तिने डोळे मिटले आणि ती गायला लागली. पहिला सूर लागला, मग आवाज मोकळा झाला. धृपद संपलं. आता तोडणार, म्हणून सवयीने ती क्षणभर थबकली. कुणी तोडलं नाही. मग तिने अंतरा घेतला, आणि पुरा केला.

कपाटामागचे तळपाय हलायचे थांबले होते.

"हाच!" तो आतूनच ओरडला. "अगं, हाच! म्हटलंच होतं, लाल-काळी वायर उलटी लागली होती! कॅसेटची खरखरसुद्धा गेली बघ. आणि कसा मधोमध उभा राहिलाय आवाज! ठेवून घेऊ हा डबा. पैसे वसूल!"

"नक्की ना?" तिने विचारलं. "नीट ऐकलंत? मागाहून शब्द फिरवाल."

"तू मला शिकवतेस? त्या आवाजात तसूभर जरी खोट असती ना, तर पहिल्या सुरालाच बंद करायला लावलं असतं."

तिने पदर डोळ्यांना लावला. मग मोठ्या बाईंना फोन लावला.

"नमस्कार बाई. हो, येते मी. सोमवारपासूनच येते."

"अगं, शू!" कपाटामागून आवाज आला. "परत लाव ना. आणि या वेळेला मध्ये बोलू नकोस."