काढून टाकलेला रकाना

दवाखान्यात सोबतीला माणूस देणाऱ्या संस्थेचा ऑनलाइन फॉर्म निखत बावधनच्या ऑफिसात बसून सोपा करत होती. तिला नोंदीत दिसायचं, कुणीतरी रोज तो भरायला घ्यायचं, आणि उंबऱ्याशी पाऊल अडावं तसं ‘मुलाचा किंवा मुलीचा नंबर’ या रकान्याशी थांबायचं.

“नसेल गं बिचाऱ्याला कुणी,” शेजारची मृण्मयी म्हणाली. तेवढ्यात निखतचा फोन वाजला. “अब्बा, कामात आहे, मग करते,” म्हणत तिनं तो ठेवला आणि रकानाच काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी फॉर्म पुरा भरून आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन, गाव कासार आंबोली, नाव कमरुद्दीन. तिचेच अब्बा.

शेवटी लिहिलं होतं, ‘लेकीला कळवू नका. ती कामात असती.’