हे घर विकाऊ नाही

विंडोज अपग्रेड करताना जागा कमी पडली, म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या डोटुनने मास्तरांच्या लॅपटॉपमधलं लिनक्सचं पार्टिशन, डिस्कवरचा तो वेगळा कप्पाच, सरळ उडवलं. त्यात मास्तरांचा अख्खा योरुबा शब्दकोश होता.

"अपग्रेडनेच गिळलं बघा, बाबा," त्याने ठोकून दिलं.

दोन दिवस खपून त्याने ते परत मिळवलं. शब्द न् शब्द शाबूत! मास्तर पाठीवर हात ठेवून आशीर्वाद देत होते, तोच पडद्यावर पार्टिशनचं नाव उमटलं: 'हे घर विकाऊ नाही.' भामट्यांनी परस्पर विकू नये म्हणून इथे नायजेरियात, इबादान शहरात घराघराच्या भिंतीवर रंगवतात, तेच. उडवताना डोटुन ते वाचून हसला होता. आता त्याची मान वर होईना.

मास्तरांनी पाठीवरचा हात काढला नाही.

"विकणारेसुद्धा आधी वाचतातच रे, पोरा."