पहिला तुकडा

सीख अजून निखाऱ्यावर चरचरत होती, पण पहिला तुकडा भारतच्या ताटात पडणार हे सोमनाथला आताच माहीत होतं.

जालना रोडवरचं ते बार्बेक्यू हॉटेल. टेबलाच्या मधोमध शेगडी आणि वरून गार एसी. कोपऱ्यात एक चिमुकला झेंडा. तो उभा असेपर्यंत वेटर सिखा आणत राहतो, आडवा केला की थांबतो. भारतनं हे सगळं असं समजावून सांगितलं, जसं काही हॉटेल त्याच्या सासऱ्याचंच आहे. तो शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर झाला होता, त्याची ही पार्टी. त्याची बायको दिपाली प्रत्येक प्लेटीचे फोटो काढत होती. सोमनाथची बायको पोरांना घेऊन माहेरी सोयगावला गेलेली, म्हणून चितेगावहून तो आणि आई असे दोघंच आले होते. आई, म्हणजे मनकर्णाबाई, डोक्यावरचा पदर सावरत शेगडीकडं संशयानं बघत बसली होती.

"अननस बी भाजत्यात व्हय?" ती म्हणाली. "काय एकेक खूळ!"

सगळे हसले. सोमनाथ हसला नाही.

धाकटा भाऊ पुढं गेला याचं आपल्याला काही वाटत नाही, असं तो स्वतःला सकाळपासून बजावत होता. साफ खोटं. तो जळत होता. आणि हे जळणं आजचं नव्हतं, तीस वर्षांचं होतं.

त्यांचं घर मेंढरांमागं फिरणारं. मटण शिजायचं ते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. पातेल्यावरचं झाकण निघालं की पहिला तुकडा आई स्वतःच्या हातानं वाढायची, आणि तो भारतला. भारत टायफॉइडमधून उठला, पहिला तुकडा भारतला. दहावीत दोनदा आपटला, तरी त्यालाच. ठरलेलं लग्न मोडलं आणि घरी तोंड पाडून बसला, तेव्हाही त्यालाच. सोमनाथनं काय कमी केलं होतं? बापामागं काठी घेऊन उन्हातान्हात तोच चालला. पहाटे कोकरं पाजायला तोच उठायचा. जे कोकरू पायावर उभं राहत नाही ते उचलून आधी मेंढीच्या कासेला लावायचं, मग बाकीची सोडायची, हे काम त्याचं. एकही कोकरू त्यानं दगावू दिलं नाही. अठराव्या वर्षी कंपनीचा निळा शर्ट घालून पहिल्यांदा घरी आला, त्या दिवशीही आईनं पहिला तुकडा भारतला दिला. सोमनाथला म्हणाली, "तू घे रं तुझ्या हातानं."

ते "तुझ्या हातानं" त्याच्या घशात अजून अडकलेलं होतं.

आजही तो निळा शर्टच घालून आला होता, थेट ड्युटीवरून आल्यासारखा. घरी धुण्याचं मशीन आलं तरी कंपनीचे शर्ट मनकर्णाबाई हातानंच घासायची. मशीनला कंपनीतले डाग उमगत नाहीत, असं तिचं म्हणणं. आजचा शर्ट कडक इस्त्रीचा होता, पण ड्युटी कसली? कंपनीनं लाईन बंद करून सगळ्यांना घरी पाठवलं, त्याला दीड महिना होत आला होता. तरी तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, गेटागेटावर चौकशी करायचा आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परतायचा. त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, आईला नाही. भारतला तर मेला तरी सांगणार नव्हता.

वेटरनं सीख काढून प्लेटीत ठेवली. भारतनं प्लेट आईपुढं सरकवली.

"माय, तू वाढ. तुझ्या हातानं."

हे म्हणता म्हणता त्यानं आपलं ताट थोडं पुढं केलं. सवयच ती. मनकर्णाबाईनं बोटांनी मटणाचा एक तुकडा ओढून काढला आणि फुंकर मारली. सोमनाथनं मान खाली घातली. तेवढ्यात तिचा हात भारतच्या ताटावरून पुढं आला आणि तुकडा सोमनाथच्या ताटात पडला.

आधी त्याला वाटलं, म्हातारीची चूक झाली. पण तिनं हात मागं घेतला नाही, ताट त्याच्याकडं आणखी सरकवलं. सोमनाथचा ऊर भरून आला. त्यानं भारतकडं पाहिलं. भारतचं तोंड एवढंसं झालं होतं. ते तोंड सोमनाथच्या चांगल्या ओळखीचं होतं, तीस वर्षं त्यानं तेच तोंड घेऊन काढली होती. बघ, तो मनात म्हणाला, आता कळतंय का कसं वाटतं ते?

"माय, पार्टी माझी अन् पहिला तुकडा दादाला?" भारत हसून म्हणाला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"तुला आता कशाला?" मनकर्णाबाई म्हणाली. "तुझं झ्याक चाललंय की. दुबळं असंल त्याला आधी. इचार तुझ्या दादाला, त्यानं लई कोकरं पाजल्यात."

भारतला काही उमगलं नाही. दिपालीनं "पुन्हा एकदा भरवा ना, फोटो काढते" म्हणून फोन वर धरला. सोमनाथचा हात मात्र ताटावरच थांबला. टायफॉइड, दहावी, मोडलेलं लग्न. त्याला वर बघवेना.

मनकर्णाबाई त्याच्याकडं झुकली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "खा, सोमा. दीड महिना झाला, तुझ्या शर्टाला ऑइलचा वास नाय."