चौकटीतला कागद

नावं पुन्हा चौकटीबाहेर गेली होती. परिचारिका महाविद्यालयाच्या कचेरीतून सकाळीच फोन आला. चारशे प्रमाणपत्रांच्या पीडीएफ फाइली पाठवल्या होत्या. त्या एका संगणकावर उघडल्या की जोडाक्षरं तुटत, दुसऱ्यावर अक्षरं जाडजूड होत आणि तिसऱ्यावर नाव सोनेरी चौकट ओलांडून थेट कडेला जाई. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर काम दुसरीकडे देऊ, असं त्यांनी प्रमाणपत्रं बनवून देणाऱ्या कंपनीच्या मालकांना सांगून टाकलं.

फाइली बनवणारा प्रोग्राम सुनेचा होता. तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम, आणि तिच्या स्वतःच्या संगणकावर ते काही केल्या चुकत नव्हतं. तिनं अक्षरांचा आकार कमी केला, समास वाढवले, आठवडाभर डोकं खाजवलं. "माझ्याकडे तर नीट दिसतंय," हे ती इतक्यांदा म्हणाली की कंपनीत तिला त्याच नावानं हाक मारायची वेळ आली होती.

बुधवारी संध्याकाळी त्या तिन्ही आणि स्वतःच्या संगणकावरून छापलेले कागद तिनं घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर टाकून कपाळाला हात लावून बसली.

सासूबाई समोर भाजी निवडत होत्या. त्यांची तीस वर्षं छापखान्यात तपासणीच्या टेबलावर गेली होती. पसरलेली शाई, तिरकी ओळ, मोडक्या खिळ्याचं अक्षर, काही म्हणता काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आपल्या टेबलावरून खराब कागद कधी बाहेर गेला नाही, हे त्या महिन्यातून दोनदा तरी ऐकवत, आणि ते खरंच असल्यामुळे कोणी कुरकुरत नसे. लग्न होऊन वर्षच झालं होतं, पण रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम सुनेकडे आलं होतं, कारण सासूबाईंचा चष्मा वेळेवर सापडत नसे. चष्मा माझी चाहूल लागली की लपतो का, असं सून चिडवायची. तुझा आवाज गोड आहे, वाच, म्हणून सासूबाई विषय संपवत.

हात पुसून त्यांनी कागद पुढे ओढले, वरची बाजू खाली करून उलटे मांडले आणि एकेक सरकवू लागल्या. छापखान्यात मुरलेली माणसं असंच करतात, हे सुनेनं ऐकलं होतं. कागद उलटा धरला की डोळा मजकुराच्या मागे धावत नाही.

"हे कुठले?" एका गठ्ठ्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"माझ्या संगणकावरचे. ते बरोबर आहेत."

"बरोबर कसले? उभ्या दांड्यांची जाडी बघ. बाकीचं सगळं एका घरचं आहे, आणि ही मधली ओळ दुसऱ्या घरची पाहुणी."

सुनेनं कागद डोळ्यांशी नेला. मधल्या ओळीत नाव होतं. ते तिनं शेकडो वेळा वाचलं होतं आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं. फरक केसाएवढा होता, पण होता.

मग तिच्या डोक्यात उजेड पडला. ठरलेल्या मजकुराचा फॉन्ट फाइलीत भरलेला होता. नाव मात्र तिचा प्रोग्राम मागाहून घालत होता, आणि त्याच्यासोबत फॉन्ट न जाता नुसतं फॉन्टचं नाव जात होतं. मग प्रत्येक संगणक आपल्याकडे असेल तो फॉन्ट लावून मोकळा होई. तिच्याकडे त्याच नावाची जुनी प्रत होती, म्हणून तिला सगळं ठीक दिसायचं. दुरुस्तीला अर्धा तासही लागला नाही.

गुरुवारी चारही संगणकांवर एकसारखी अक्षरं उमटली आणि काम टिकलं. मालक तिची पाठ थोपटायला आले, तेव्हा हे श्रेय सासूबाईंचं आहे, असं तिनं सरळ सांगितलं. सांगताना तिला स्वतःच्या कामापेक्षा त्यांचाच जास्त अभिमान वाटत होता. मालक म्हणाले, त्यांना सन्मानपत्र देऊ, मजकूर तूच लिही. तिनं तो इतक्यांदा खोडला आणि लिहिला की शेवटी पाठच झाला. कचेरीच्या साध्या कागदावर तो छापून मालकांनी सही केली.

शुक्रवारी सकाळी घाईत निघताना तिनं टेबलावर पाकीट ठेवलं. आत तुमचं सन्मानपत्र आहे, सोबत कालच्या प्रमाणपत्रांचा चाचणीचा कागद आहे, तोही एकदा नजरेखालून घाला, असं तिनं दारातूनच सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा बैठकीच्या भिंतीवरच्या चौकटीतलं जुनं चित्र निघालं होतं आणि तिथं कागद बसला होता. सासूबाई केस नीट विंचरून चौकटीखाली उभ्या होत्या. हातातल्या फोनवर त्यांची धाकटी बहीण होती.

"दुसरा कागद तुझ्या टेबलावर ठेवलाय," त्या म्हणाल्या. "साधाच आहे, तुझ्या कामाचा असेल. आता मावशीला हे वाचून दाखव. माझा चष्मा..."

"सापडत नसेल," म्हणत सून हसत पुढे झाली आणि चौकटीसमोर थांबली. तिनं कागदावरून एकदा नजर फिरवली, मग पुन्हा फिरवली.

"भरून आलं ना?" सासूबाई म्हणाल्या. "मलाही आलं. छापखान्यानं कधी चिठोरंसुद्धा दिलं नव्हतं. वाच, सावकाश वाच."

सुनेनं घसा साफ केला. "सन्मानपत्र," ती म्हणाली. "तीस वर्षांत ज्यांच्या टेबलावरून एकही खराब कागद बाहेर गेला नाही, आणि ज्यांच्या एका नजरेमुळे चारशे मुलींची नावं आपापल्या जागी बसली, त्या ज्येष्ठ तपासनीस बाईंना आम्हा सर्वांचा मानाचा नमस्कार."

फोनवर मावशीचा आवाज कापरा झाला. तिनं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. सुनेनं पुन्हा वाचलं, शब्द न शब्द तसाच, कुठेही न अडखळता. सासूबाई ताठ मानेनं ऐकत होत्या.

भिंतीवर सोनेरी चौकटीच्या आत, एका घरच्या सुरेख अक्षरांत, तीन ओळी होत्या: चाचणीचा कागद. ग्राह्य नाही. तपासून झाल्यावर फाडून टाकावा.