ठसका

"आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, शेजारच्या सटवीची..." नातीवरून मीठमिरच्या उतरवत गजराबाई पुटपुटत होती. "आमची पोर ऑनलाइन तासाला पापणीसुद्धा हलवत नाही," असं गल्लीभर मिरवलं होतं तिनंच. आता पोरीचे डोळे लालभडक होऊन ठणकत होते.

मिरच्या निखाऱ्यावर पडल्या आणि गजराबाईला ढासच लागली. दृष्ट लागलेली असती तर ठसका उठलाच नसता. पोर मात्र त्या धुरातही टक्क बघत बसली होती.

"अगं भवाने, डोळे मीट की!"

"मिटले की टॅब कॅमेऱ्यातून बघतो नि ओरडतो, आजी."

"तास कधीच संपलाय. टॅब मी बंद करून पेटीत कोंडलाय."

"तरी बघतोय तो."

गजराबाईनं झटकन तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. तळव्याखाली पापण्या उघड्याच राहिल्या.