तिसरा रकाना

सकाळी साडेआठला चार वर्षांच्या चिऊने बाबांच्या उजव्या हाताला कडकडून चावा घेतला. महिन्यातली ही सातवी वेळ.

"पोरीच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे," बाबा आईवर खेकसले. "तुझ्या लाडांनी नाही सुधारायची ती." त्यांनी स्वतःच फोन करून बालमानसतज्ज्ञांची पुढच्या बुधवारची वेळ घेतली. तिथून सांगण्यात आलं, आठ दिवस तीन रकान्यांत नोंद ठेवा: किती वाजता, मुलीने काय केलं, त्याच्या लगेच आधी काय घडलं.

काम आजीकडे आलं. पस्तीस वर्षं तिने रुग्णालयात नर्स म्हणून तक्ते भरले होते. घड्याळ बघून, दिसेल ते लिहायचं, एवढंच तिला माहीत.

मंगळवारी संध्याकाळी बाबा म्हणाले, "आई, बघू गं तुझ्या नातीचे प्रताप."

चार नोंदी होत्या. चारही वेळा चावा उजव्याच हाताला. आणि तिसऱ्या रकान्यात चारही वेळा एकच ओळ: 'माझ्या मुलाने सुनेवर हात उचलला.'

बाबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि फोन उचलला.



"उद्याची वेळ रद्द करा. एवढीशी पोर आहे, मोठी झाली की सुटेल सवय."